वृद्धांस पुणें मानवतें काय ?

‘पुणें म्हणजे पेन्शनरांचें शहर’ हें वाक्य आपण इतक्या वेळां ऐकिलें आहे, कीं तें खरें आहे कीं नाहीं हें पाहण्याची गरजहि कोणास वाटत नाहीं. हवा बरी, डॉक्टर हाताशीं, सकाळीं फिरावयास पर्वती, संध्याकाळीं एखादें व्याख्यान किंवा गाणें. साठी उलटलेल्या माणसास याहून अधिक काय पाहिजे? मुंबईची नोकरी संपतांच बिऱ्हाड पुण्यास हलविणारीं कुटुंबें आपल्यांपैकीं बहुतेकांच्या नात्यांत आहेत. आतां तर परदेशीं स्थायिक झालेलीं मुलेंहि ‘आईबाबा पुण्यांत आहेत, मग काळजी कसली ?’ असें म्हणून निश्चिंत होतात.

परंतु या वाक्यांतला पेन्शनर कोण, हें आपण कधीं विचारीत नाहीं. तो पासष्ट वर्षांचा असतो, हातांत काठी असली तरी ती टेंकण्यापेक्षां फिरविण्यासाठीं असते, आणि मंडईंतून भाजी तो स्वतः निवडून आणतो. पुढें तोच गृहस्थ पंचाऐंशी वर्षांचा होतो. मग स्नानास, शौचास, फार काय कुशीवर वळावयासहि, त्याला दुसऱ्याचा हात लागतो. शहर तेंच, हवाहि तीच. परंतु परीक्षेचा विषय बदललेला असतो. शहर वृद्धांस मानवतें कीं नाहीं हें त्यांच्या सकाळच्या फिरण्यावरून ठरवूं नये. रात्रीं दोन वाजतां त्यांनीं हांक मारली असतां कोण उठतें, यावरून ठरवावें, असें माझें मत झालें आहे. तें सुखासुखीं झालें नाहीं, म्हणूनच तें वाचकांपुढें ठेवण्याचें धाडस करीत आहें.

माझी थोरली आत्या सदाशिव पेठेंत एकटी राहत असे. चोविसाव्या वर्षीं तिला वैधव्य आलें. पुढें तिनें मुलींच्या शाळेंत तीस वर्षें गणित शिकविलें. २०२३ च्या पावसाळ्यांत, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीं, ती न्हाणीघरांत पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचें हाड मोडलें. त्यानंतरचे आठ दिवस पुण्याच्या वैद्यकीय कीर्तीस शोभतील असेच गेले. रुग्णवाहिका वेळेवर आली, दुसऱ्याच दिवशीं शस्त्रक्रिया झाली, आणि नवव्या दिवशीं डॉक्टर हंसतमुखानें म्हणाले, ‘‘आमचें काम झालें. आतां यांना घरीं न्या.’’

घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाहीं. आमचें स्वतःचें घर दोन खोल्यांचें, आणि आम्ही दोघें पतिपत्नी सकाळीं आठ वाजतां कुलूप लावून बाहेर पडणारीं. पुण्याची खरी परीक्षा तेथून सुरू झाली, आणि आमचीहि.

शब्दांचा घोटाळा

पहिला अडथळा पैशांचा नव्हता. तो शब्दांचा होता. माझा धाकटा भाऊ अमेरिकेंत असतो. तो दूरध्वनीवरून म्हणाला, ‘‘दादा, एखादें चांगलें नर्सिंग होम बघ.’’ त्याच्या मनांतलें नर्सिंग होम म्हणजे परावलंबी वृद्ध माणूस उर्वरित आयुष्य जेथें परिचारिकांच्या देखरेखीखालीं काढतें तें ठिकाण. पुण्यांतल्या गल्लीगल्लींत ‘नर्सिंग होम’ अशी पाटी आहे; पण तिचा अर्थ दहावीस खाटांचें लहान खासगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह असा आहे. तेथें माणूस बरें होण्यासाठीं जातें आणि चारआठ दिवसांत परत येतें. १९४९ चा मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायदा, जो आतां महाराष्ट्राच्या नांवानें ओळखिला जातो, त्याच्या व्याख्येंत आजार व इजा यांबरोबर अशक्ततेचाहि उल्लेख आहे. पण व्यवहारांत ही नोंदणी म्हणजे मुख्यतः रुग्णालयांची व प्रसूतिगृहांची नोंदणी होऊन बसली आहे.

दुसरा शब्द वृद्धाश्रम. पुण्यास ही कल्पना नवी नाहीं. नव्या पेठेंतील ‘निवारा’ ही संस्था डेव्हिड ससून यांच्या दानांतून एकोणिसाव्या शतकांतच उभी राहिली. अनाथ व पंगू यांस आश्रय देणें हा तिचा मूळ हेतु. पुढें १९९५ सालीं राज्य सरकारनें ‘मातोश्री’ वृद्धाश्रमांची योजना काढिली. परंतु आम्हीं ज्या सात वृद्धाश्रमांत चौकशी केली त्यांपैकीं पांचांनीं पहिलाच प्रश्न विचारला तो असा : ‘‘स्वतःचें स्वतः करतात ना ?’’ आत्या स्वतःचें स्वतः करीत नव्हती, आणि तेथेंच संभाषण संपलें. त्यांत त्यांचा दोष काढण्याचें कारण नाहीं. निराधाराला छप्पर, जेवण आणि सोबत देणें हें एक कार्य. अंथरुणास खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणें हें अगदीं दुसरें. पहिल्यासाठीं दयाळू अंतःकरण पुष्कळ वेळां पुरतें. दुसऱ्यासाठीं तें पुरत नाहीं.

तिसरा प्रकार निवृत्तांच्या वसाहतींचा. यांत सदनिका विकत किंवा भाड्यानें घ्यावयाची. भोजनगृह, वाचनालय, उतरंड असलेले रस्ते, न्हाणींत आधाराचे दांडे अशा सोयी असतात. पुण्यांत अशा वसाहती बऱ्याच झाल्या आहेत आणि धडधाकट दांपत्यास त्या फार सुखाच्या आहेत. पण घर घेतांना एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘मी अंथरुणास खिळलों तर मला येथें राहूं द्याल काय, आणि माझें कोण करील ?’ उत्तर करारपत्रांत लिहिलेलें असावें. तोंडी उत्तराची किंमत तोंडापुरतीच असते.

चौथा प्रकार शुश्रूषा केंद्रांचा. आम्हांला हवें होतें तें हें. अशीं केंद्रें पुण्यांत आहेत. कांहीं बंगल्यांत, कांहीं इमारतीच्या एकदोन मजल्यांवर, कांहीं शहराबाहेर मोकळ्या जागेंत. पाटीवर मात्र कोणतेंहि नांव असूं शकतें. म्हणून पाटी वाचून कांहीं ठरवूं नये. आपल्या माणसाला आज काय लागतें आणि दोन वर्षांनीं काय लागेल, हें आधीं कागदावर लिहावें आणि मग त्या कागदास जुळेल तें ठिकाण शोधावें.

परीक्षा घ्यावी कशी ?

शहर वृद्धांस कितपत सोयीचें आहे हें मोजण्याचा प्रयत्न जगांत झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं या विषयावर एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. जगांतील ३३ शहरांतील वृद्धांशीं बोलून ती तयार झाली. त्यांत आपल्याकडचीं दिल्ली व उदेपूर हीं दोन शहरें होतीं. शहराच्या आठ अंगांकडे पाहावें असें तींत सांगितलें आहे : मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक, निवास, सामाजिक सहभाग, आदर व समावेश, नागरी जीवन व रोजगार, माहितीची देवाणघेवाण, आणि आरोग्यसेवा व सामाजिक आधार.

या मापानें पाहिल्यास पुण्याला संमिश्र गुण मिळतील. व्याख्यानें, ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालयें, गाण्याच्या बैठकी यांत पुण्यास पहिल्या वर्गांत बसविण्यास हरकत नाहीं. मेट्रो २०२२ च्या मार्च महिन्यांत सुरू झाली आणि तिच्या स्थानकांत वर जाण्यास लिफ्ट आहे. परंतु स्थानकापर्यंत पोहोंचण्याचा पदपथ उखडलेला, किंवा त्यावर दुचाक्या लावलेल्या. पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडतांना पुणेकर वाहनचालक वृद्ध माणसाकडे ज्या नजरेनें पाहतो, तींत आदर व समावेश यांचा अंश फारसा आढळत नाहीं.

पण हीं आठहि अंगें बाहेर पडूं शकणाऱ्या माणसासाठीं विशेष महत्त्वाचीं आहेत. जें माणूस बाहेर पडूं शकत नाहीं त्याच्यासाठीं शहर चार भिंतींएवढें लहान होतें, आणि मग त्या चार भिंतींत काय चालतें याचीच परीक्षा घ्यावी लागते. अमेरिकेंत केंद्र सरकार अशा शुश्रूषागृहांना २००८ पासून एक ते पांच तारे देतें. सरकारी तपासणी, कर्मचाऱ्यांचें प्रमाण आणि रुग्णांची स्थिति या तीन गोष्टींवरून ते ठरतात. कर्मचारी किती हें तर पगारपत्रकांच्या आधारें काढितात. इंग्लंडांतहि सरकारनें स्थापिलेलें स्वतंत्र मंडळ तपासणी करून शेरा देतें. माझा भाऊ मला विचारी, ‘‘तुम्हीं पाहिलेल्या जागेला तारे किती ?’’ त्याला काय सांगावें ? आपल्याकडे ताऱ्यांची सोय नाहीं. तेव्हां परीक्षक आपणच व्हावयाचें.

हातांची मोजणी

आमची पहिली परीक्षा चुकली. शहराबाहेर, टेंकडीच्या कुशींत, एक सुंदर जागा आम्हांला आवडली. फुलबाग होती, गणपतीचें मंदिर होतें, भिंतींवर निसर्गचित्रें होतीं. दुपारीं अकरा वाजतां गेलों तेव्हां चार परिचारिका पांढऱ्या गणवेशांत हंसून पुढें आल्या. आम्हीं अनामत रक्कम भरली आणि आत्याला तेथें नेलें.

तिसऱ्या आठवड्यांत तिच्या माकडहाडापाशीं व्रण दिसला. एका रात्रीं साडेनऊ वाजतां, न कळवितां, मी तेथें गेलों. बावीस खाटांच्या त्या दालनांत एक मुलगी एकटी होती, आणि ती वाईट मुळींच नव्हती. ती धांवत होती. जें माणूस स्वतः हलूं शकत नाहीं त्याला साधारणतः दर दोन तासांनीं कुशीवर वळवावें असा शुश्रूषेचा नियम आहे, कारण एकाच जागीं दाब राहिला कीं त्वचेचा रक्तपुरवठा थांबतो आणि ती आंतून कुजूं लागते. बावीसांपैकीं दहा जणांनाच वळवावयाचें म्हटलें, प्रत्येकीं दहा मिनिटें धरलीं, तरी एका फेरीस शंभर मिनिटें लागतात. मग कोणास पाणी द्यावें, कोणाचें अंथरूण बदलावें, घाबरून ओरडणाऱ्याजवळ बसावें, हें त्या मुलीनें केव्हां करावें ? आत्या गणिताची शिक्षिका. हा हिशेब तिनें अंथरुणांत पडल्यापडल्या केव्हांच केला होता. ‘‘तिच्यावर रागावूं नकोस,’’ ती म्हणाली. ‘‘भागाकारच चुकला आहे.’’

तेव्हांपासून मी कोणत्याहि ठिकाणीं प्रथम हातांची मोजणी करतों. दिवसा किती माणसें व रात्रीं किती. त्यांपैकीं तीन वर्षांचा जी. एन. एम. किंवा दोन वर्षांचा ए. एन. एम. हा परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या किती, आणि थोडें जुजबी शिकवून कामाला लाविलेल्या मावशी किती. डॉक्टर रोज येतात कीं बोलावल्यावर. कुशीवर वळविल्याची, औषध दिल्याची, पाणी किती गेलें याची नोंद कागदावर होते काय, आणि तो कागद नातेवाइकांस दाखवितात काय. नोंद दाखविण्यास जो कचरतो त्याच्याकडे बहुधा नोंद नसते.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीं तर हे प्रश्न दुप्पट महत्त्वाचे आहेत. भारतांत साठीपुढील सुमारें ८८ लक्ष लोकांना हा विकार असावा, म्हणजे शंभरांत सातांहून अधिक, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत काढिला आहे. अशा रुग्णाला रात्रीं घरीं जावयाचें असतें, आणि त्याचें तें घर कित्येकदां पन्नास वर्षांपूर्वींच पडलेलें असतें. त्याला बांधून ठेवितात, गुंगीचें औषध देतात, कीं कोणीतरी त्याच्याबरोबर व्हरांड्यांत दोन फेऱ्या घालतें, हें विचारावें, आणि शक्य तर डोळ्यांनीं पाहावें.

अंतर

दुसरें माप अंतराचें. २०१७ व २०२१ सालीं आजूबाजूचीं गांवें समाविष्ट होऊन पुणें महापालिकेची हद्द ५०० चौरस किलोमीटरांच्या पुढें गेली. जमीन स्वस्त मिळते म्हणून अनेक केंद्रें अगदीं कडेला आहेत. हवा तेथें शुद्ध असते, यांत संशय नाहीं. पण छातींत कळ आली असतां शुद्ध हवेपेक्षां रुग्णालय जवळ असलेलें बरें, आणि सायंकाळीं सहा वाजतां पुण्याच्या रस्त्यावर दहा किलोमीटर म्हणजे किती वेळ, हें पुणेकरांस सांगावयास नको.

त्याहून मोठें अंतर भेटीस येणाऱ्यांचें. टेंकडीच्या कुशींतल्या त्या जागेस पोहोंचावयास आम्हांला सव्वा तास लागे; म्हणून आम्ही रविवारींच जात असूं. सोमवार ते शनिवार काय घडलें हें आम्हांस कळण्याचा मार्ग नव्हता. अनियमित वेळीं वरचेवर येणारा नातेवाईक हीच आपल्या देशांतली सर्वांत भरंवशाची तपासणी आहे. ज्या खाटेजवळ रोज कोणीतरी येऊन बसतें, त्या खाटेवरची चादर आपोआप वेळेवर बदलली जाते; यांत कोणाच्या दुष्टपणाचा प्रश्न नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून दोन जागांत निवड करावयाची असेल तर बागेची जागा सोडावी आणि आपल्या घराजवळची, पायीं जातां येईल अशी साधी जागा घ्यावी. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांनीं पुणें हें उत्तर समजूं नये; पुण्यांत रोज येऊं शकेल असें माणूस कोण, याचें उत्तर आधीं शोधावें. भाची असेल, जुना शेजारी असेल, पण नांव घेऊन सांगतां आलें पाहिजे.

पैसा आणि कायदा

खर्चाविषयीं आपल्या घरांत मोकळेपणानें बोलत नाहींत, म्हणून थोडें बोलतों. मासिक आकार सांगितला जातो त्यांत औषधें, लंगोट, व्यायामोपचार, प्राणवायु आणि रुग्णालयाच्या फेऱ्या बहुधा धरलेल्या नसतात. त्या वेगळ्या विचाराव्या. अनामत परत मिळणार कीं नाहीं, आणि वाढ किती, हेंहि विचारावें. वर्षास शेंकडा आठ वाढ झाली तर आज ४० हजार रुपये असलेला आकार नऊ वर्षांत ८० हजारांजवळ जातो. पेन्शन त्याच वेगानें वाढेल असें गृहीत धरूं नये. वैद्यकीय विमा येथें फारसा कामाचा नाहीं. तो रुग्णालयांतल्या उपचारांसाठीं असतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांपुढील सर्वांस, उत्पन्न कितीहि असो, आयुष्मान भारत योजनेंत कुटुंबामागें वर्षास पांच लक्ष रुपयांपर्यंतचे उपचार मिळण्याची सोय झाली. ती मोठीच आहे. पण तीहि रुग्णालयाच्या दारापर्यंत. शस्त्रक्रियेनंतरचीं पांच वर्षें कोणी अंथरुणांत काढलीं, तर त्यांचा भार कुटुंबावरच पडतो.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यानें कांहीं आधार दिला आहे. निर्वाहखर्च मिळविण्यासाठीं स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. आपलें पाहावें या अटीवर घर मुलाच्या किंवा पुतण्याच्या नांवावर केलें, आणि त्यानें पाहिलें नाहीं, तर तें हस्तांतरण रद्द ठरवितां येतें. मात्र ती अट दस्तऐवजांत स्पष्ट लिहिलेली असणें हिताचें. वृद्धांस टाकून देणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. प्रत्येक जिल्ह्यांत निराधारांसाठीं निदान १५० जणांची सोय असलेला एक वृद्धाश्रम राज्यानें उभारावा असेंहि त्यांत म्हटलें आहे. परंतु ‘उभारावा’ आणि ‘उभारलाच पाहिजे’ यांतलें अंतर कायदा जाणणाऱ्यांस ठाऊक आहे. अडचणींत सापडलेल्या ज्येष्ठांसाठीं १४५६७ हा सरकारी दूरध्वनि क्रमांक आहे. तो घरांतल्या दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

मात्र एक भ्रम टाळावा. एखादी संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, एवढ्यावरून तेथली शुश्रूषा चांगली आहे असें सिद्ध होत नाहीं. न्यासाचा हिशेब चोख असूं शकतो आणि पाठीवरचा व्रणहि असूं शकतो.

मागच्या पिढीचा हिशेब

येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘हें सारें कशाला ? पूर्वीं आपल्या घरांत वृद्धांचें होत नव्हतें काय ?’ होत होतें. पण कोण करीत होतें, हें एकदां आठवून पाहावें.

माझी आजी शेवटचीं सहा वर्षें अंथरुणावर होती. ‘त्या घरांत म्हातारीचें फार छान केलें’ अशी आमच्या वडिलांची नात्यांत ख्याति झाली. वडिलांनीं आजीला एकदांहि कुशीवर वळविलें नाहीं. वळविलें तें या आत्येनें. शाळेच्या आधीं आणि शाळेच्या नंतर, रात्रीं दोनदां उठून. आपल्या कितीतरी घरांत एखादी विधवा आत्या, मावशी किंवा काकू असे, आणि एकत्र कुटुंबाचें तें सारें पुण्य तिच्या पाठीवर उभें असे. तिला पगार नव्हता, सुटी नव्हती, आणि ‘नाहीं’ म्हणण्याची सोय नव्हती. आपण ज्याला कुटुंबव्यवस्था म्हणतों तींत हा एक फुकटचा हात गृहीत धरलेला होता.

तो हात मोकळा करण्याचें कार्य याच पुण्यानें केलें, हेंहि सांगितलें पाहिजे. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढिला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ सालीं पुणें सेवासदन सुरू झालें, आणि ससून रुग्णालयाच्या साह्यानें स्त्रियांना परिचारिकेचें शिक्षण देण्याचें काम त्या संस्थेनें हातीं घेतलें. उच्चवर्णीय घरांतल्या विधवेनें परक्याची शुश्रूषा करावी, तीहि वेतन घेऊन, ही कल्पना त्या काळच्या समाजास रुचणारी नव्हती. त्या संस्थेनें एक गोष्ट ओळखली होती : शुश्रूषा हें शिकावयाचें काम आहे, आणि त्याचें मोल द्यावयाचें असतें. शंभर वर्षांनंतरहि ही गोष्ट आपल्या गळीं उतरली आहे असें मला वाटत नाहीं. आपण शस्त्रक्रियेच्या लाखांच्या बिलावर मुकाट्यानें सही करतों, आणि ब्यूरोच्या बाईनें दिवसामागें पन्नास रुपये अधिक मागितले तर घासाघीस करतों.

म्हणून आईवडिलांना किंवा आत्येला शुश्रूषा केंद्रांत ठेवणें म्हणजे कर्तव्यच्युति, असें मी आतां मानीत नाहीं. तेथें ठेवून पाठ फिरविणें ही कर्तव्यच्युति. आणि घरीं ठेवून सारा भार सुनेवर टाकणें हीहि तितकीच.

एक प्रश्न राहिला

आत्याला तेथून हलवावयाचें ठरलें तेव्हां मी चार जागांची यादी घेऊन तिच्याजवळ बसलों आणि प्रत्येकीचे गुणदोष सांगूं लागलों. तिनें मला थांबविलें.

‘‘अरे, तुझ्या आजीला मी सहा वर्षं वळवलं. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिलाहि कोणी विचारलं नव्हतं. मला निदान विचार तरी.’’

मी ओशाळलों. तीन आठवडे मी डॉक्टरांना, व्यवस्थापकांना, अमेरिकेंतल्या भावाला विचारीत होतों. जिला तेथें राहावयाचें होतें तिला विचारावयाचें राहून गेलें होतें. मी विचारलें. तिच्या मागण्या फार नव्हत्या. खिडकी बागेकडे नको, रस्त्याकडे हवी. शाळा सुटल्याचा आवाज यावा. सकाळीं वर्तमानपत्र. बोलणारें माणूस मराठी बोलणारें. भात मऊ, पण आमटी बेचव नको. आणि परक्या मुलींनीं ‘आजी’ म्हणूं नये. तीस वर्षें सारे ‘बाई’ म्हणत आले, तेंच म्हणावें. माझ्या चार जागांच्या यादींत यांपैकीं एकहि रकाना नव्हता.

आतां ती आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या बंगल्यांतल्या केंद्रांत आहे. नऊ खाटा, रात्रीं दोन माणसें. बाग नाहीं, फरशी जुनी आहे. व्रण भरून यावयास चार महिने लागले. मी संध्याकाळीं जातों, पत्नी सकाळीं जाते, आणि तिची एक जुनी विद्यार्थिनी, जी स्वतः आतां पासष्टीची आहे, बुधवारीं येऊन तिच्यापुढें शब्दकोडें ठेविते.

तर मग वृद्धांस पुणें मानवतें काय ? डॉक्टरांच्या बाबतींत होय. सोबतीच्या बाबतींतहि होय, जर सोबत करणारें आपलें माणूस येथें असेल तर. हातांच्या बाबतींत, तपासणीच्या बाबतींत आणि बेताच्या उत्पन्नाच्या माणसास परवडण्याच्या बाबतींत, अद्याप नाहीं. पांच तारे देणारें सरकार येईल तेव्हां येवो. तोंपर्यंत न कळवितां रात्रीं साडेनऊ वाजतां एक फेरी मारणें प्रत्येकाच्या हातीं आहे.

परवां मी आत्याला विचारलें, ‘‘रात्रीं हांक मारलीस तर कोण येतं ?’’

‘‘ती सोलापूरकडची मुलगी,’’ आत्या म्हणाली. ‘‘अर्धवट झोपेंत असते बिचारी. पण येते.’’